वाचकांचे प्रश्न : हॉटसिंक मध्येच तुटलं, पत्ते गेले

प्रश्न : माझ्याकडे पाम एम५०५ हा खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर आहे. त्याचं हॉटसिंक (पाम आणि घरच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी एकमेकांशी जुळवणं, म्हणजेच सिंक) अर्ध्यात तुटलं आणि ॲड्रेस बुक रिकामं झालं. पुन्हा सिंक केलं तर पत्ते परत येतील का?

उत्तर : कदाचित येतील, पण कॉम्प्युटरवर उरलेले पत्तेही जाण्याचा धोका आहे. म्हणून हॉटसिंकच्या बटणाला अजून हात लावू नका. घड्याळाशेजारच्या हॉटसिंकच्या चिन्हावर राइट क्लिक करून हॉटसिंक मॅनेजर (सिंक चालवणारा प्रोग्राम) बंद करा. पाम क्रेडलमध्येच (कॉम्प्युटरला जोडलेल्या स्टँडमध्ये) राहू द्या, चार्जिंग चालू राहिलं पाहिजे.

आता कॉम्प्युटरवर पामचं फोल्डर उघडा. ते सहसा प्रोग्राम फाइल्समध्ये असतं, जुन्या आवृत्त्यांत थेट सी ड्राइव्हवर. त्यात तुमच्या युजरनेमशी मिळतंजुळतं नाव असलेलं फोल्डर दिसेल. ते अख्खं उचलून दुसरीकडे कॉपी करा, शक्यतो वेगळ्या डिस्कवर. ही कॉपी हाताशी असेल तर पुढची कुठलीही चूक निस्तरता येते. नसेल तर एका चुकीच्या सिंकमध्ये सगळं संपतं.

कॉपी झाली की पामवर दोन गोष्टी बघा. उजव्या कोपऱ्यातली कॅटेगरी ‘ऑल’वर आहे ना, आणि सिक्युरिटीमध्ये खासगी नोंदी लपवलेल्या नाहीत ना? ‘गेलेले’ पत्ते कधी कधी इथेच सापडतात.

तिथे नसतील तर कॉम्प्युटरवर पाम डेस्कटॉप, म्हणजे पामच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम, उघडा. पत्ते तिथे दिसत असतील तर काम सोपं आहे. मॅनेजर पुन्हा सुरू करा, ‘कस्टम’मध्ये जा, ॲड्रेस बुकची ओळ निवडून ‘चेंज’ दाबा आणि ‘डेस्कटॉप ओव्हरराइट्स हँडहेल्ड’ ठेवा. त्याखालचाच ‘हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप’ हा पर्याय चुकून निवडलात, तर रिकामं ॲड्रेस बुक कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांवर बसेल. बाकीच्या ओळी या वेळेपुरत्या ‘डू नथिंग’वर ठेवा. ‘सेट ॲज डिफॉल्ट’ला टिक करू नका, म्हणजे ही निवड फक्त पुढच्या एका सिंकपुरती राहील. मगच बटण दाबा. शेवटी लॉग उघडून ॲड्रेस बुकच्या ओळीत ‘ओके’ आलंय का ते वाचा.

प्रश्न : पाम डेस्कटॉपमध्येही पत्ते नाहीत. आता?

उत्तर : युजरच्या फोल्डरमधलं ‘ॲड्रेस’ फोल्डर उघडा. आत ॲड्रेस.डॅट ही चालू फाइल असते, शेजारी ॲड्रेस.बॅक, म्हणजे आधीची प्रत. दोघींचा आकार बघा. डॅट फाइल अगदी छोटी आणि बॅक फाइल तिच्या कितीतरी पट मोठी असेल तर पत्ते बॅकमध्ये आहेत. पाम डेस्कटॉप बंद करा, डॅट फाइलला ॲड्रेस.जुनी असं नाव द्या, बॅक फाइलच्या प्रतीला ॲड्रेस.डॅट हे नाव द्या आणि प्रोग्राम उघडा. आधीची प्रत एकच पिढी मागची असते, पुढच्या फेरीत तीही बदलते. दुसऱ्यांदा सिंक करू नका म्हणतो ते यासाठीच. डेटबुक, टूडू आणि मेमोपॅड यांच्या फोल्डरांतही हीच जोडी असते.

एखादीच नोंद हवी असेल आणि ती पुसताना ‘सेव्ह अर्काइव्ह कॉपी’ला टिक असेल, तर फाइल मेनूतून अर्काइव्ह उघडा. पत्त्यांच्या अर्काइव्ह फाइलचं शेपूट .एबीए असतं. नोंद तिथून कॉपी करून चालू यादीत पेस्ट करता येते.

प्रश्न : बॅटरी पूर्ण उतरली आणि पाम कोरा झाला. शेवटच्या सिंकनंतर लिहिलेल्या नोंदी मिळतील?

उत्तर : एम५०५ वर नाही. त्याच्या नोंदी रॅममध्ये असतात, वीज गेली की त्याही जातात. २००४ च्या टंगस्टन टी५ पासून वीज नसतानाही टिकणारी मेमरी आली, त्या यंत्रांत नोंदी शाबूत राहतात. शेवटच्या सिंकपर्यंतचा माल मात्र परत येतो. चार्ज करून सिंक करा; युजरनेम विचारलं की यादीतलं जुनंच नाव निवडा. नवं नाव दिलंत तर नवं, रिकामं फोल्डर तयार होईल.

प्रश्न : माल परत आला, पण पाम सारखा रिसेट होतोय.

उत्तर : युजरच्या फोल्डरमधल्या बॅकअप फोल्डरमधून एखादी बिघडलेली फाइल परत आली असणार. वरच्या स्क्रोल बटणावर बोट दाबून ठेवा आणि मागच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबा. टोकदार सुई नको. अशा रिसेटमध्ये बाहेरून टाकलेले जोडप्रोग्राम सुरू होत नाहीत, त्यामुळे संशयित प्रोग्राम पुसायला सवड मिळते. तरीही थांबलं नाही तर कॉम्प्युटरवरच्या बॅकअप फोल्डरचं नाव बदला, त्याच नावाचं रिकामं फोल्डर करा, पाम हार्ड रिसेट करा (म्हणजे त्यातलं सगळं पुसून तो कोरा करा) आणि जुन्या नावानेच सिंक करा. पत्ते, डायरी, मेमो परत येतील, कारण ते बॅकअपमध्ये नाही, आपापल्या डॅट फाइलमध्ये असतात. मग बाकीचे प्रोग्राम पाम डेस्कटॉपच्या इन्स्टॉल टूलने तीन-चारच्या गटाने चढवा आणि प्रत्येक गटानंतर एक सिंक करा. ज्या गटानंतर रिसेट सुरू होईल, त्यातलीच एक फाइल खराब आहे.