‘नॉटिलस’ला शंखमासा म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: मुलांसाठी समुद्रजीवांवर लिहिताना ‘नॉटिलस’ऐवजी (वेटोळ्या कवचात राहणारा, माकुळाच्या नात्यातला समुद्रजीव) ‘शंखमासा’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते लिहू नये. तो मासा नाही आणि शंखही नाही. शंखातला प्राणी वेटोळ्यात आतपर्यंत शिरलेला असतो. नॉटिलसचं कवच मधोमध कापलं, तर पडद्यांनी अलग केलेले तीसेक कप्पे दिसतात आणि प्राणी राहतो तो फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात. मागच्या कप्प्यांमधून एक बारीक नळी जाते. ती आतलं पाणी शोषून घेते, त्या जागी वायू येतो आणि एवढं जड कवच पाण्यात तोललं जातं. ‘शंख’ म्हटलं की नेमकी हीच गंमत हरवते.

नॉटिलस ज्या गटात येतो त्या गटासाठी ‘शीर्षपाद’ बिनधास्त वापरा. पाय थेट डोक्यालाच फुटलेले, हे त्या शब्दातच आलं. कोकणातल्या मुलांना ‘आपल्या माकुळाचा (म्हणजे स्क्विडचा) भाऊबंद’ एवढं सांगितलं तरी पुरे. गोव्यात माणकी म्हणा.

याच घराण्यातला मला फार आवडणारा शब्द म्हणजे समुद्रफेन. किनाऱ्यावर सापडणारा तो पांढरा, होडीच्या आकाराचा तुकडा एका बाजूने टणक असतो, दुसरीकडे नख लावलं की पीठ निघतं. जुन्या लोकांना तो समुद्राचा वाळलेला फेस वाटला. प्रत्यक्षात ते एका जातीच्या माकुळाचं अंगातलं कवच. त्यातही सूक्ष्म कप्पे असतात आणि काम तेच, तरंगण्याचं. नेपाळमधल्या काली गंडकी नदीतल्या शाळिग्रामावरचं चक्र हीसुद्धा अशाच कप्पेदार कवचाची खूण आहे. ते अमोनाइट नावाच्या नामशेष शीर्षपादांचे जीवाश्म.

म्हणजे आतल्या कवचाला शब्द आहे, जीवाश्माला आहे. जिवंत नॉटिलस मात्र आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या जाळ्यात येत नाही, म्हणून त्याला घरचं नाव पडलं नाही. नाव ग्रीक, अर्थ खलाशी. पण ॲरिस्टॉटलने या नावाने ज्याचं शीड उभारून जाण्याचं वर्णन केलं तो प्राणी वेगळाच, आर्गोनॉट. तो एक ऑक्टोपस. त्याची मादी अंड्यांसाठी कागदासारखं पातळ कवच बनवते. ते कवच तिचं स्वतःचंच असतं, हे जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच संशोधिकेने 1830च्या दशकात सिसिलीत काचेच्या टाक्यांमध्ये प्राणी पाळून दाखवून दिलं. या पातळ कवचामुळे इंग्रजीत त्याला ‘पेपर नॉटिलस’ही म्हणतात. त्यामुळे मूळ इंग्रजी मजकुरात ‘पेपर नॉटिलस’ आला, तर मराठीत ‘आर्गोनॉट’च लिहा.