हर्णैला बोयावर सापडलेले जांभळ्या रेघांचे बार्नॅकल परदेशी आहे का?

हर्णैच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्लॅस्टिकच्या बोयावर जांभळ्या रेघांचे पांढरे, शंकूसारखे बार्नॅकल, म्हणजे घट्ट चिकटून राहणारे कवचधारी समुद्री जीव, सापडले, ते कोणत्या जातीचे आणि परदेशातून आलेले आहेत का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात प्राणिशास्त्र शिकवतो आणि कोकणातून आणलेले असे नमुने विद्यार्थ्यांसोबत नेहमी तपासतो. छायाचित्रात कवचाची सहा पट्टिकांची भिंत आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत गेलेल्या जांभळ्या रेघा दिसतात, त्यावरून ही जात बहुधा अँफिबॅलॅनस अँफिट्राइट असावी. जुन्या पुस्तकांत ती बॅलॅनस अँफिट्राइट या नावाने सापडेल.

केवळ रंगावरून मात्र निर्णय घेऊ नये. अँफिबॅलॅनस रेटिक्युलेटस या जवळच्या जातीत उभ्या रेघांना आडव्या रेघा छेदतात आणि जाळी तयार होते, पण कवच झिजलेले असेल तर ही जाळी दिसेनाशी होते. अशा वेळी तोंडावरच्या झाकणाच्या पट्टिका चिमट्याने अलगद सोडवून, मऊ ब्रशने स्वच्छ करून दहापट भिंगाखाली पाहाव्यात. त्यांपैकी टर्गम नावाच्या पट्टिकेला खाली जो दाता असतो, त्याची रुंदी आणि टोक हीच ओळखीची भरवशाची खूण आहे.

आता ती परदेशी आहे का, हा प्रश्न. डार्विनने 1854 मध्ये या जातीचे वर्णन केले, त्याच्या कितीतरी आधीपासून लाकडी जहाजांच्या तळांना चिकटून बार्नॅकल समुद्र ओलांडत होती. आज ही जात जगभरच्या उष्ण बंदरांत, मुंबई बंदरातही, आढळते आणि तिचे मूळ घर कोणते हे खात्रीने ठरवणेच अवघड होऊन बसले आहे. त्यामुळे ती हर्णैला मिळाली एवढ्यावरून नवे आक्रमण झाले, असे म्हणता येणार नाही.

नवागत इतका सहज ओळखू येण्याचे भाग्य इंग्लंडला लाभले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे ऑस्ट्रोमिनियस मॉडेस्टस ही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची जात पोहोचली. तिथल्या खडकांवरच्या नेहमीच्या बार्नॅकलांना सहा पट्टिका आणि हिला चारच, म्हणून ती चटकन वेगळी काढता आली. परंतु हाच नियम कोकणात लावला तर फसगत होईल, कारण आपल्या खडकांवरची टेट्राक्लिटा ही चारच पट्टिकांची आणि अगदी इथलीच आहे. तिच्या पट्टिकांमधले सांधे बहुधा झिजून पुसट झालेले असतात, मात्र भिंतीच्या तुटलेल्या कडेवर बारीक नळ्यांची छिद्रे स्पष्ट दिसतात. एका किनाऱ्यासाठी तयार केलेली ओळखीची कोष्टके दुसरीकडे जशीच्या तशी वापरू नयेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

बार्नॅकलचे डिंभ, म्हणजे अळीसारख्या अवस्थेतली पिल्ले, काही दिवस ते काही आठवडे पाण्यात तरंगतात आणि एकदा डोक्याकडून चिकटले की जागा सोडत नाहीत. म्हणजे लांबचा प्रवास जहाजाच्या तळावरून, त्याच्या बॅलास्टच्या, म्हणजे तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या, पाण्यातून किंवा आपल्या बोयासारख्या तरंगत्या वस्तूवरून होतो. त्याच बोयावर देठ असलेली लेपास बार्नॅकलही आहेत का, हे अवश्य पाहावे. ती असतील तर बोया बराच काळ खुल्या समुद्रात होता, असे समजायला हरकत नाही. काही नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून, जागा आणि तारीख लिहून, आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात तज्ज्ञांचे मत घ्यावे.