तो सोनेरी स्प्रे परत देऊन ये

पोरी,

परवा बैलाचे फोटो दाखवत अर्धा तास बोलत होतीस, मी चहा देऊन गप्प बसलो. भंगाराचाच बैल हवा म्हणणाऱ्यांना आता तो सोनेरी हवाय, आणि उरलेले पैसे त्यानंतरच. तू स्प्रे आणूनही ठेवलास. रंग मारू नकोस.

बैलाच्या कानाला तू सायकलचं पॅडल लावलंयस. त्याचं रबर एका बाजूने पार गुळगुळीत झालंय. कोणीतरी वर्षानुवर्षं त्यावर पाय दाबत कामठीहून इतवारीला आलं असेल. ते सोनेरी केलंस की नुसता कान उरतो. पिकासोनं १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल एवढ्यावर बैलाचं डोकं केलं. सीटही दिसते, बैलही दिसतो, म्हणून तर माणूस समोर थांबतो. चंदीगडच्या नेकचंदांनी १९५७ पासून कितीतरी वर्षं, नोकरी सांभाळून, लपूनछपून रॉक गार्डन उभं केलं. त्यांच्या पुतळ्यांच्या अंगावरच्या फुटक्या बांगड्या आजही बांगड्याच आहेत.

मी एका कारखान्याच्या फाटकासाठी मोर केला होता. पिसाऱ्यात हातमागाचे धोटे होते, गोळीबार चौकाकडच्या एका म्हाताऱ्या कोष्ट्याने दिलेले. मालकाला तांब्याचा रंग हवा होता, मी मारला. उद्घाटनाला म्हाताऱ्याला हौसेने घेऊन गेलो. तो पिसाऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "यातले माझे कोणते?" मला दाखवता आले नाहीत.

घरात आजारपण होतं, आणि तेव्हा नागपुरात असलं काम पैसे देऊन घेणारं होतंच कोण? माझं सगळंच चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्यानंतर दोन मोठी कामं हातची गेली, तरी कशालाही रंग लावला नाही. तूही मारू नकोस. किती वेळा सांगू?

पावसात गंजेल म्हणालीस, ते मात्र खरं आहे. वायर ब्रशने सुटा गंज काढ. जवसाचं तेल अगदी पातळ चोळ, उन्हात चांगलं वाळू दे, मग पुन्हा चोळ. दरवर्षी मृगाआधी एक हात द्यायचा. रबराला तेल लागू देऊ नकोस. आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, आपोआप पेट घेतात, पसरून वाळव.

त्यांना सांग, सोनेरी हवा असेल तर पितळेचा घ्या. पैसे अडवले तर अ‍ॅडव्हान्सवर भागव आणि बैल टेम्पोत घालून माझ्या अंगणात आण. टेम्पोचं भाडं मी देतो.

रविवारी ये. तेल माझ्याकडे आहे, ब्रश तेवढा नवा आण.