सही कुणी करायची?

बाईंना विचारा : डिसेंबर २०२१

२५ नोव्हेंबरला मंत्रिमंडळाने ठरवलं की १ डिसेंबरपासून ग्रामीण भागात पहिली ते चौथी आणि शहरांत पहिली ते सातवीचे वर्ग उघडायचे. दुसऱ्याच दिवशी ओमायक्रॉन या कोरोनाच्या नव्या अवताराचं नाव जगाला कळलं. त्यामुळे या वेळच्या टपालात दुसरा विषयच नाही. तीन पत्रं निवडली आहेत. गावांची आणि माणसांची नावं मुद्दाम काढली आहेत.

बाई, नमस्कार. आम्ही संगमनेर तालुक्यातल्या एका वाडीवर राहतो. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे. पहिलीत नाव घातलं ते जून २०२० मध्ये, त्यामुळे त्याने वर्ग आतून पाहिलेलाच नाही. आता सरांनी मुलाला शाळेत पाठवायचं संमतीपत्र पाठवलंय आणि मालक सही करत नाहीत. एप्रिलमध्ये माझे सासरे कोरोनाने गेले. ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत अख्खी रात्र गेली होती. मालक म्हणतात, दादा गेले, आता आईला काही झालं तर? सासूबाईंना साखर आहे. पण पोरगं 'क' आणि 'फ' ओळखेना, दिवसभर मोबाईल. जाऊबाई मला म्हणाल्या, तुला पोराच्या जिवापेक्षा शाळा जास्त झाली का? त्यांची मुलं इंग्रजी शाळेत आहेत, मोबाईलवर तास आणि संध्याकाळी शिकवणी. शिवाय आमच्या शाळेत मे महिन्यात विलगीकरण होतं, म्हणून वाडीतल्या बायका तिकडे पाय ठेवायला तयार नाहीत. मी एकटीने सही केली तर चालेल का?

ताई, आधी विचारलंत त्याचं उत्तर. कागदाला एका पालकाची सही पुरते. सर तुम्हाला परत पाठवणार नाहीत. तरीही एकटीने करू नका. थंडी पडायला लागली आहे, पोराचं नाक आठ-दहा दिवसांत वाहणारच, मग कोरोना असो वा नसो. त्या रात्री घरात जे बोललं जाईल ते सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर येईल आणि पोराची शाळा तिथेच सुटेल.

मालकांपुढे पेपरातली कात्रणंही ठेवू नका. ज्याने बापासाठी रात्रभर बेड शोधला, त्याला टक्केवारी ऐकवली की तो चिडतो, आणि त्याने चिडावंच. त्यांच्या डोक्यात आई आहे. मग बोलणं आईवरच आणा. तुमच्या पत्रात सासूबाईंची साखर आहे, पण त्यांनी लस घेतली की नाही, ते कुठेच नाही. मला तर सगळ्या पत्रात हीच जागा रिकामी दिसली. ३ नोव्हेंबरपासून 'हर घर दस्तक' ही घरोघरी लसीकरणाची मोहीम सुरू आहे, आशाताई दारावर येतायत. ऑक्टोबरात राज्याच्या 'कवच कुंडल' लसीकरण मोहिमेत पहिली कोविशिल्ड घेतली असेल, तर ८४ दिवसांनी, म्हणजे वर्षाच्या अखेरीला दुसरी येते. अजून एकही घेतली नसेल तर शाळेचा वाद आजच्या आज बाजूला ठेवा आणि आधी त्यांना उपकेंद्रावर न्या. मुलाच्या शाळेत जाण्या-न जाण्याने त्यांना जेवढं जपता येईल, त्याहून कितीतरी जास्त त्या सुईने जपता येईल. पोरगं आजीच्या कुशीत झोपत असेल, तर दुसरा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत त्याला तुमच्याकडे झोपवा. आजी रुसतील. रुसू द्या.

आणि मालकांना एक गोष्ट हळूच विचारा, चार माणसांत नको. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली. पोरगं कुठल्या लग्नाला गेलं नाही? बाजाराला जात नाही? मालक स्वतः मार्केटयार्डात जाऊन घरी येतात ना? जाऊबाईंच्या मुलांची शिकवणी कुठे भरते? एका खोलीत, दार लावून, दहा-बारा मुलं. तिथे संमतीपत्र कुणी मागितलं नाही. बंद आहे ती फक्त मोठ्या खिडक्यांची, पटांगणाची, फुकटची शाळा. जाऊबाईंना हे ऐकवू नका, उगाच चूल वेगळी व्हायची. पण तुमच्या मनात असू द्या, म्हणजे त्यांच्या बोलण्याने अपराधी वाटणार नाही.

आता आकडे, फक्त तुमच्यासाठी. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, जून-जुलैमध्ये देशभर रक्ताच्या तपासण्या केल्या, तेव्हा ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या अंगात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे शाळा बंद असतानाच निम्म्याहून जास्त मुलांना तो होऊन गेला होता, बहुतेकांच्या घरी कळलंही नाही. त्याच वेळी आयसीएमआरचे प्रमुख बलराम भार्गव म्हणाले होते की शाळा उघडायच्या तर प्राथमिक आधी उघडा, लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी, २७ जानेवारीला पाचवी ते आठवी, मग दुसरी लाट आली. या जुलैत कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी. १७ ऑगस्टचा मुहूर्त काढला, तो राज्याच्या कोरोना टास्क फोर्सच्या, म्हणजे सल्लागार डॉक्टरांच्या, हरकतीनंतर मागे घेतला. ४ ऑक्टोबरला गावांत पाचवीपासून वरचे वर्ग. सगळ्यात शेवटी तुमचा दुसरीतला. दहावीचा मुलगा मोबाईलवर रडतखडत का होईना शिकतो. पहिलीचं पोर बाईंच्या बोटाकडे आणि तोंडाकडे बघून अक्षर उचलतं, ते पडद्यावरून होत नाही. मी जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला, या एका बाबतीत मला कुणी शिकवू नये.

तुम्ही एकट्या नाहीत, हेही सांगते. ऑगस्टमध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सोबतच्यांनी १५ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांतल्या सुमारे १४०० मुलांच्या घरी जाऊन विचारलं. खेड्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली ८ टक्के, अजिबात न शिकणारी ३७ टक्के. आणि शाळा उघडा म्हणणारे खेड्यातले पालक ९७ टक्के. टीव्हीवर भांडणारे पालक वेगळे असतात.

विलगीकरणाचं म्हणाल, तर मे महिन्यातला विषाणू डिसेंबरपर्यंत भिंतीला चिकटून बसत नाही. पण बायकांच्या मनात विषाणू नसतोच, त्या खोलीत कोण झोपलं होतं ते असतं. त्याला उपाय एकच. रविवारी मालकांना घेऊन शाळेत जा. चावी सरांकडून मागून घ्या. खिडक्या उघडतात का, नळाला पाणी आहे का, संडासाचं दार लागतं का, हे त्यांनी स्वतः बघावं. ज्याला भीती वाटते त्याच्याच हातात तपासणी दिली, की तो दुरुस्तीही सुचवायला लागतो. मी हे वस्तीवर पाहिलंय. सर्वांत जास्त विरोध करणाऱ्या एका बापाने शेवटी स्वतःच्या ट्रॅक्टरने टाकीत पाणी आणून टाकलं. पोर मात्र त्याने पुढच्या आठवड्यात पाठवलं, त्या दिवशी नाही.

राहिला 'क' आणि 'फ'. दुसरीचं पुस्तक उघडू नका. सरांना सांगा, याला पहिलीचं काम द्या. जुलैत मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला होता, तो वाडीवर किती पोहोचला ते तुम्हाला माहीत आहे. घरी त्याचं नाव, आजीचं नाव, तुमच्या गाईचं नाव, एवढीच अक्षरं घ्या. 'क' आणि 'फ' एका दिवशी शिकवू नका. आधी 'क' पक्का होऊ द्या, आठवडाभराने 'फ' आणा. मोबाईल काढून घेऊ नका, आत्ता नाही. शाळा सुरू झाली की तासभर आपोआप कमी होतो.

दुसरं पत्र. मी पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. दोन शिक्षक, पट ४१. संमतीपत्रं आली २६. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज भांडण. पाठवणारे म्हणतात, न पाठवणाऱ्यांची नावं काढून टाका. न पाठवणारे म्हणतात, एका पोराला जरी झालं तरी अध्यक्षावर केस करू. शनिवारी सभा आहे. काय करू?

अध्यक्ष, सर्वांत आधी ग्रुपचं सेटिंग बदला, फक्त ॲडमिननेच लिहायचं. ज्या गोष्टी माणूस समोरासमोर बोलू शकत नाही त्या तिथे रात्री अकराला टाकतो. नावं काढायचा विषय तर सभेत घेऊच नका. हजेरी सक्तीची नाही, असं शासनानेच म्हटलंय, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचं नाव काढायचा अधिकार २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तुम्हाला, मला, कुणालाच दिलेला नाही.

आता पंधरा जणांचं. तुम्ही त्यांना 'न पाठवणारे' म्हणता. पाथर्डी तालुका आहे म्हणून विचारते, यातले ऊसतोडीला साखर कारखान्यावर किती गेलेत? यंदा गाळप १५ ऑक्टोबरला सुरू झालं. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघून गेल्या. त्या मुलांच्या आईबापांनी नकार दिलेला नाही, त्यांच्यापर्यंत कागदच गेलेला नाही. ती मुलं पहिल्यांदा वेगळी काढा. ज्यांचे आजी-आजोबा गावात आहेत त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आत्ताच द्या. जी गेली, त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांनी शिक्षण हमी पत्रक भरावं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल. हे केलंत की माझ्या अंदाजाने खरे विरोधक पाच-सहाच उरतील. पाच-सहा घरी चहा पिऊन येणं एका अध्यक्षाला जड नाही.

पण त्या पाच-सहांचा एक मुद्दा मला पटतो आणि तुम्हीही तो मान्य करावा. हे संमतीपत्र मला पहिल्या दिवसापासून खटकतं. पालकाने लिहून द्यायचं की माझ्या जबाबदारीवर पाठवतो. शाळेने, ग्रामपंचायतीने, शासनाने काय लिहून दिलं? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. वर्ग झाडतं कोण? मास्तर नाहीतर मुलं. साबण कुणी आणायचा, ताप आलेल्या मुलाला घरी कोण सोडायचं, दोघांपैकी एक शिक्षक आजारी पडला तर काय, याचं उत्तर कुठल्याच कागदावर नाही. जबाबदारी ठरलेली नसली की पालक एकमेकांच्या नरड्याला लागतात. तुमच्या ग्रुपवर तेच चाललंय.

म्हणून शनिवारी दुसरा कागद करा. सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक, तिघांना बोलवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो, त्यातून शाळेच्या नळाचं आणि साफसफाईचं काय करणार ते सरपंचांनी तारखेसह सांगावं. शिक्षकांचे दोन्ही डोस झालेत का, ते मुख्याध्यापकांनी सांगावं. पट ४१, आलेली २६, म्हणजे एका बाकावर एक मूल बसवायचं तर दोन खोल्यांत जमतं. नाही जमलं तर दिवसाआड. शिजवलेला पोषण आहार अजून सुरू नाही, कोरडा शिधा कधी मिळणार तेही त्याच कागदावर येऊ द्या, कारण अर्ध्या आयांचा खरा प्रश्न तोच असतो. तिघांच्या सह्या घ्या आणि तो कागद फलकावर लावा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात. सह्यांपुरत्या आणलेल्या त्या महिला या सभेत बोलल्या पाहिजेत, एवढं मात्र अध्यक्ष म्हणून बघा.

केस करण्याची धमकी सोडून द्या. धमकी देणारा घाबरलेला असतो, त्याच्या घरी पहिला चहा.

आणि जे पाठवणार नाहीत त्यांच्या मुलांना शिक्षकांनी आठवड्यातून एकदा स्वाध्याय द्यावा, ओट्यावर बसून. दोन शिक्षकांवर हे ओझं होतंच, मी ते नाकारत नाही. बारावी झालेली एखादी मुलगी गावात असेल तर तिला सांगा. गेल्या वर्षी अनेक वस्त्यांवर अशाच पोरींनी शाळा धरून ठेवली.

तिसरं पत्र. आम्ही पुण्यात राहतो. महापालिकेने शाळा १५ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलल्या आहेत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी मनपाच्या शाळेत तिसरीला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर ठरलं की ज्यांची मुलं मनपाच्या शाळेत जातील त्यांनी काही दिवस कामाला येऊ नये. मी मावशींना कसं सांगू?

तुमच्या सोसायटीतली मुलंही १५ तारखेनंतर आपापल्या शाळांत जाणार आहेत ना? मग त्यांच्या आईवडिलांनी ऑफिसात जाऊ नये, असा ठराव झाला का? मावशींना काहीच सांगू नका. सेक्रेटरींना सांगा, लेखी सांगा, आणि ठराव मागे घेईपर्यंत मावशींचा पूर्ण महिन्याचा पगार तुमच्याकडून जातोय असंही त्यात लिहा. त्या मुलीच्या संमतीपत्रावर सही करायची की नाही हे तिची आई ठरवेल. तुमच्या मजल्यावरच्या बाकीच्या घरांकडूनही पगाराचं वदवून घेता आलं तर १५ तारखेच्या आत घ्या.