केळ्यांची नोट

प्रश्न: नमस्कार ताई, मी लष्करात राहतो, म्हणजे ग्वाल्हेरचं लष्कर हं, फौजेत नाही. फौजेत आमचे आजोबा होते, १९४२ साली सिंगापूरला कैद झाले, पण त्या विषयावर कधी बोलले नाहीत. परवा त्यांची ट्रंक आवरताना दहा डॉलरची नोट मिळाली, वर केळीचं झाड आणि 'जपानी सरकार' असं इंग्रजीत. विकली तर किती येतील? आजोबा आझाद हिंद सेनेत होते का, हे त्यावरून कळेल? मेमध्ये मुलाकडे सिंगापूरला चाललोय, तिथे बघण्यासारखं काही आहे का?

उत्तर: पैशांचं आधी सांगते, आशा ठेवू नका. जपान्यांनी या नोटा भरमसाट छापल्या, केळीच्या चित्रामुळे लोक त्यांना बनाना मनीच म्हणायचे, आणि युद्ध संपल्यावर त्यांची रद्दी झाली. गंमत म्हणजे नोटेवर मागताक्षणी पैसे देऊ असं वचन छापलेलं आहे! तुमच्या नोटेवर नंबर असेल तर ती सुरुवातीची, नुसती एमपासूनची अक्षरं असतील तर बहुतेक नंतरची, एम म्हणजे मलाया.

बघायचं म्हणाल तर अप्पर बुकित तिमा रोडवरचा जुना फोर्डचा कारखाना नक्की बघा. १९४१ मध्ये मोटारी जोडायला बांधला आणि पुढच्याच फेब्रुवारीत, १५ तारखेला, इंग्रजांच्या जनरल पर्सिव्हलनं तिथल्या बोर्डरूममध्ये जपानी सेनापती यामाशिताला शरणपत्र लिहून दिलं. यामाशिताकडे माणसं इंग्रजांपेक्षा कितीतरी कमी आणि दारूगोळाही संपत आलेला, पण त्यानं पत्ता लागू दिला नाही, नुसतं हो की नाही एवढंच विचारत राहिला. ती खोली अजून आहे, टेबल मात्र नक्कल, मूळ टेबल ऑस्ट्रेलियात गेलं. कारखान्यात आता संग्रहालय आहे, त्याच्या बाकी गॅलरीत जपानी अंमलाची पुढची साडेतीन वर्षं, घड्याळं टोकियोच्या वेळेवर, भाताऐवजी टॅपिओका म्हणजे आपण ज्याचा साबुदाणा करतो तो कंद, आणि चिनी पुरुषांना निवडून निवडून मारलं ते सगळं. जपान्यांनी शहराचं नाव स्योनान केलं होतं, २०१७ मध्ये गॅलरीला तेच नाव दिलं तर लोक इतके भडकले की दोन दिवसांत बदलावं लागलं. बरोबरच आहे म्हणा.

पण तुम्ही फॅरर पार्कलाही जा, कारण आजोबांची गोष्ट बहुतेक तिथे आहे. शरणागतीनंतर दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, हजारो हिंदी सैनिक तिथे मैदानात बसवले, एका इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांना जपानी मेजर फुजिवाराच्या हवाली केलं, फुजिवारानं मोहनसिंगांच्या, म्हणजे आझाद हिंद सेना उभारणाऱ्या हिंदी कॅप्टनच्या. काही आझाद हिंदमध्ये गेले, काहींनी नाही म्हटलं, आणि नाही म्हणणाऱ्या कित्येकांना जहाजात कोंबून न्यू गिनीकडे मजुरीला नेलं. दोन्हीकडे आपलेच, त्यामुळे घरी न बोलणारे आजोबा खूप असतील. युद्धानंतर आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर इंग्रजांनी लाल किल्ल्यात जो खटला चालवला, त्यातले ढिल्लन तर पुढे आपल्या शिवपुरीलाच येऊन राहिले.

नोटेवरून आजोबा कुठल्या बाजूला होते ते कळणार नाही, कैद्याच्याही हातात तीच नोट आणि आझाद हिंदच्या सैनिकाच्याही. ट्रंक परत उपसा, डिस्चार्जचा कागद किंवा पलटणीचं नाव असलेलं काही सापडतं का बघा. आणि तोवर नोटेला लॅमिनेशन करू नका हो, कागद कायमचा खराब होतो, साध्या पाकिटात ठेवा.