कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीचीच असते का?

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे ६६ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीये. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० रोज रात्री जेवल्यावर आहे पण जेवून टीव्हीसमोर बसले की तिथेच पेंगतात आणि गोळी राहते. सकाळची बीपीची मात्र चहाबरोबर न चुकता घेतात. ही पण तेव्हाच द्यावी म्हटलं तर म्हणतात, ती रात्रीचीच असते, सकाळी घेऊन उपयोग नाही. परवा कपाट आवरताना बघितलं तर महिन्याच्या ३० मधल्या ९ गोळ्या तशाच! काय करू?
— एक सून, चिपळूण

उत्तर : ताई, सासरे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, फक्त ते जुन्या गोळ्यांचं सांगतायत. आपलं लिव्हर कोलेस्टेरॉल बनवतं ते जास्त करून रात्री, आणि १९८७ साली अमेरिकेत आलेली लोव्हास्टॅटिन किंवा नंतरची सिम्वास्टॅटिन यांचा अंमल काही तासांतच उतरायचा, म्हणून संध्याकाळी-रात्री द्यायची पद्धत पडली ती पडलीच. सिम्वास्टॅटिनवाल्यांनी आजही रात्रीच घ्यावी. अ‍ॅटोर्व्हा आणि रोसुव्हा (रोसुव्हास्टॅटिन) मात्र दिवसभर पुरतात, त्यामुळे सकाळी घ्या नाहीतर रात्री, जेवणाआधी नाहीतर नंतर, फक्त रोज आणि साधारण त्याच वेळेला.

तेव्हा बीपीच्या गोळीशेजारी ठेवा आणि चहाबरोबर द्या, पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सांगून टाका म्हणजे झालं. राहिलेली भरून काढायला दोन एकदम नकोत हां, बरेच जण करतात असं.

मला वेळेपेक्षा त्या ९ गोळ्यांची काळजी वाटते. अँजिओप्लास्टीत स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकला म्हणजे एक ब्लॉक मोकळा झाला, बाकीच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर असतातच, ते फुटून गुठळी होऊ नये म्हणून ही गोळी आहे, नुसता रिपोर्ट छान यावा म्हणून नाही. दीड-दोन महिने नीट घेतल्यावर लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करा, अँजिओप्लास्टी झालेल्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आजकाल ५५ च्या खाली ठेवायला बघतात.

आणि हो, आजच एक बघा. रक्त पातळ ठेवायची गोळी पण रात्रीचीच आहे का? आपल्याकडे अ‍ॅटोर्व्हा आणि अ‍ॅस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतं, तसं असेल तर ९ दिवस तेही गेलेलं नाही. पाकिटामागची नावं वाचा आणि तसं निघालं तर व्हिजिटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.