जिनिव्हाच्या तलावाकाठी आईला व्हीलचेअरवरून फिरवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की जुलैत आईला घेऊन स्वित्झर्लंडला येताय, आईंना व्हीलचेअर लागते, जिनिव्हात जेमतेम एक दुपार मोकळी आहे, तर तलावाकाठी आणि बागांमधून फिरणं जमेल का.

जमेल, अगदी आरामात जमेल. मी इथेच राहते, आणि सासरे येतात तेव्हा त्यांची खुर्ची याच वाटेने नेते. फक्त आधी एक विनंती करते. आईंना कुठल्यातरी बाकाशी थांबवून, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या ठेवून, "तू बस, आम्ही पटकन कारंजं जवळून बघून येतो," असं करू नका. आपल्याकडच्या सहलींमध्ये हे सर्रास होतं आणि मला ते बघवत नाही. इथे तर त्याची गरजच नाही.

कोर्नाव्हँ या जिनिव्हाच्या मुख्य रेल्वे स्टेशनपासून र्‍यू द्यु माँ-ब्लाँ हा रस्ता हलक्या उताराने थेट तलावाकडे जातो. स्टेशनसमोर ट्रामचे रूळ आहेत, ते तिरके ओलांडू नका; खुर्चीची पुढची छोटी चाकं खाचेत अडकतात. सरळ काटकोनात पार करा. पलीकडच्या काठावर जायला बेर्ग पूल घ्या, तो फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. पुलाला लागूनच रूसोचा पुतळा असलेलं छोटं बेट आहे.

पलीकडे जार्दां आंग्ले ही बाग. फुलांचं घड्याळ इथेच आहे, 1955 सालचं. 5 मीटर व्यासाच्या तबकडीत हजारो रोपं लावलेली असतात आणि ऋतूप्रमाणे बदलतात. फोटोसाठी गर्दी असते, पण खुर्ची दिसली की लोक बाजूला होतात. पाच-दहा मिनिटं पुरेत.

वेळ राखून ठेवा ती झे दो कारंज्यासाठी. बागेपासून तलावाच्या कडेने रुंद, सपाट फुटपाथ तिथवर जातो. कारंजं 140 मीटर उंच उडतं. सेकंदाला 500 लिटर पाणी ताशी 200 किलोमीटर वेगाने वर जातं. ते एका दगडी धक्क्यावर आहे. पूर्वी धक्क्यावरच्या छोट्या पुलाला पायऱ्या होत्या, खालून होड्या जायच्या, आणि खुर्चीवरच्या माणसाला तिथूनच परत फिरावं लागायचं. 2016 मध्ये तिथे हलता पूल बसवला. एरवी तो सपाट असतो. होडी आली की त्याचा मधला भाग हळूहळू वर उचलला जाऊन कमान होते आणि सपाट फळ्यांच्याच पायऱ्या बनतात, त्यामुळे चालणारे वरून जातच राहतात. होडी गेली की पायऱ्या पुन्हा मिटून रस्ता सपाट. खुर्चीला तेवढी दोन-चार मिनिटं थांबावं लागतं, पण आईंना ते बघायलाच मजा येईल. सासरे निवृत्त फिटर. कारंज्यापेक्षा त्यांना या पुलाचंच कौतुक जास्त.

धक्क्यावर खुर्ची पाण्याच्या कडेपासून आत ठेवा आणि उभं राहताना ब्रेक लावा. वारा फिरला की तुषारांनी चिंब व्हायला होतं. आईंना शाल आणि पातळ रेनकोट, दोन्ही घ्या. ईशान्येकडून 'बीझ' नावाचा गार वारा सुटला तर जुलैतही झोंबतो.

अजून उत्साह असेल तर त्याच काठाने पुढे पार्क ला ग्रांज आहे. तिथला गुलाबांचा बगीचा सुंदर आहे, पण बाग काठापासून वर चढत जाते. ढकलणारा दमतो, आळीपाळीने ढकला. जिथे बारीक खडी लागेल तिथे खुर्ची उलटी फिरवून मागच्या चाकांवर ओढत न्या. जुन्या शहराकडे मात्र वळू नका. चढ आणि दगडी फरसबंदी, आईंच्या कंबरेचे हाल होतील.

स्वच्छतागृहाचं आधी ठरवून निघा. व्हीलचेअरसाठीची काही स्वच्छतागृहं 'यूरोकी' नावाच्या खास चावीनेच उघडतात आणि ती पाहुण्यांकडे नसते, म्हणून हॉटेलमधून निघताना आणि मध्ये एखाद्या कॅफेत उरकून घ्या. पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, रस्त्यांवरच्या सार्वजनिक नळांचं चांगलं असतं. हॉटेलकडून बस-ट्रामचा मोफत पास मिळतो, तो पोचल्या पोचल्याच मागा. परतीचा चढ त्यामुळे टळेल.

जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तेव्हा दुपारच्या उन्हात न निघता चारनंतर निघा.

एकच अडचण येऊ शकते. जोराचा वारा असला की कारंजं बंद ठेवतात. निघण्याआधी तलावाकडे नजर टाका. पाणी उडताना दिसलं नाही तर बेर्ग पूल न ओलांडता अलीकडच्याच काठाने मों रेपो आणि पेर्ल द्यु लाक या बागांमधून वनस्पती उद्यानाकडे जा. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि स्पर्श-गंधाचा एक खास विभाग आहे. त्यात पानं चुरगाळून वास घ्यायला आडकाठी नाही.